शीर्षकगीतांच्या आधीचा टीव्ही

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात 'आठवणीतला टीव्ही' यासाठी अर्धा तास ठेवलाय. आतापर्यंत सुचवलेलं बहुतेक सगळं शीर्षकगीतांचं आहे: 'गोट्या', 'आभाळमाया', 'दामिनी'. गाणी होतीलच. पण त्याआधीच्या मुंबई दूरदर्शनचं काय? मला 'गजरा' आणि 'चिमणराव' ही नावं तेवढी माहीत आहेत, तीही घरच्यांच्या बोलण्यातून. ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

– कार्यक्रम समिती

---

ताई,

विचारलंस हे फार बरं केलंस. आता नाही विचारलं तर पुढे सांगायला कोणी उरणार नाही.

'चिमणराव'पासून सुरुवात करतो. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आजही चिं. वि. जोशींचं पुस्तक उघडलं की मला त्या दोघांचेच चेहरे दिसतात. एवढी गाजलेली मालिका, पण आज तिचे मोजकेच भाग शिल्लक आहेत. त्या काळी टेप महाग. प्रसारण झालं की तीच टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम चढायचा. वरळीच्या स्टुडिओत झालेलं कितीतरी काम असं कायमचं गेलं, आणि मला त्याची अजून हळहळ वाटते. शीर्षकगीतं यूट्यूबवर सापडतील, ती कुठे पळून जात नाहीत. जे टेपवर नाही आणि फक्त आपल्या डोक्यात आहे, ते आधी उतरवून घ्या.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आम्ही पुण्याचे, आम्हाला ते सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे घरी दिसायचं. चित्र काळंपांढरं, पण शेजारच्यांनी पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद लावला होता: वर निळा, खाली हिरवा, मध्ये पिवळट पट्टा. बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी! तरी आम्ही तसंच बघायचो. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे, या सगळ्यांना मी आधी बातम्या देताना पाहिलं, बाकीची ओळख नंतरची. 'साप्ताहिकी' लागली की आई पेन्सिल घेऊन कालनिर्णयसमोर उभी राहायची आणि त्या त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, आठवड्याचे कार्यक्रम लिहायची. पेन्सिल अशासाठी, की ऐन वेळी बदल झाला तर खोडता यावं.

'गजरा' विनायक चासकरांचा. छोटी छोटी प्रहसनं एका सूत्रात गुंफलेली, आणि नट सगळे रंगभूमीवर घासूनपुसून तयार झालेले. सुहासिनी मुळगावकरांच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'त लेखक समोर बसून नुसते बोलायचे. ज्यांची पुस्तकं वाचनालयातून आणायचो त्यांचा आवाज कसा आहे, बोलताना ते मध्येच कसे थांबतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठा कार्यक्रम आकाशानंदांचा 'ज्ञानदीप', लोकशिक्षणाचा. त्याची आठवण कोणी काढत नाही, कारण त्यात गुणगुणण्यासारखं काही नव्हतं. प्रेक्षकांनी त्यावरून गावोगावी 'ज्ञानदीप मंडळं' काढली. कार्यक्रम बघून नुसतं उठून जायचं नाही, चार माणसं जमवून आपल्या वस्तीसाठी काहीतरी करायचं. बघणाऱ्यांना एकमेकांकडे वळवणारा असा दुसरा कार्यक्रम मला माहीत नाही. परदेशात मंडळ चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं तरी द्यायलाच हवीत.

– तुमचा काका

---

काका, तुमचं पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

मी अल्फा मराठीच्या (आताच्या झी मराठीच्या) पिढीतला. माझ्यासाठी जुना टीव्ही म्हणजे २००१ चे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. त्यातले आबाही प्रभावळकरच, म्हणजे आपल्या दोन पिढ्या एकाच माणसाने सांभाळल्या! तरी तुमच्या काळातला एक कार्यक्रम मला आजीमुळे ठाऊक आहे: 'आमची माती आमची माणसं'. आजी गिरगावात चाळीत राहायची, कोकणातली शेती केव्हाच सुटलेली. पण भातावरच्या रोगाची माहिती सुरू झाली की सगळ्यांना गप्प करायची आणि मध्येच त्या तज्ज्ञांना उत्तर द्यायची, "आमच्याकडे असं नाही हो करत." पिकांची नावं मी त्या खोलीत शिकलो, शेतात नाही.

माझी एक सूचना. सगळ्यांना लिहायला जमेलच असं नाही. मंडळातल्या ज्येष्ठांना मी फोन करतो, बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करतो आणि टाइप करून समितीला देतो. शनिवार-रविवार मला मोकळे आहेत.

---

काका, शीर्षकगीतांना दहा मिनिटं, उरलेली वीस तुमच्या यादीला. 'ज्ञानदीप'वर तुम्हीच बोलायचं, नाही म्हणू नका. रेकॉर्डिंगचं जरूर करूया, फोन नंबरांची यादी मी पाठवते.

आणि सगळ्यांसाठी एक प्रश्न: तुमच्या घरातलं कोणी 'ज्ञानदीप मंडळा'त होतं का? आई, मामा, शाळेतले सर, कोणीही. असतील तर त्यांच्या मंडळाने नेमकं काय केलं ते विचारून कळवा. एखादा जुना फोटो किंवा पत्र सापडलं तर स्कॅन करून पाठवा, दिवाळी अंकात छापू.

– कार्यक्रम समिती