बेल्टेन, विस्तव आणि ‘विच’: मराठीत म्हणायचं काय?

सुईदोरा
एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकलेय. लेखिका ग्लासगोत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, स्वतःला ‘विच’ म्हणवते आणि दरवर्षी ३० एप्रिलच्या संध्याकाळी बेल्टेन नावाचा जुना केल्टिक आगीचा सण साजरा करते. फ्लॅटमध्ये जाळ कुठला करणार, म्हणून बिडाच्या लहानशा कढईत मेणबत्ती लावते आणि तिच्यावरून उडी मारते. एका वर्षी झग्याचा वारा लागून मेणबत्ती विझली, धूर झाला, छतावरचा भोंगा वाजला आणि शेजारी जिन्यात जमले. प्रसंग मजेचा आहे. पण माझ्या कच्च्या खर्ड्यात वाक्य असं उतरलंय: “त्या चेटकिणीने अग्निउत्सव साजरा केला.” वाचलं की वाटतं, बाईने आता कुणाचं तरी पोर पळवलेलं असणार.

बेल्टेन देवनागरीत नीट कसं लिहायचं? साजरा, साजरी की साजरं? ‘फायर फेस्टिव्हल’ला अग्निउत्सवापेक्षा बरा शब्द आहे का? आणि मुख्य म्हणजे ‘विच’चं काय करू?

पाटीपेन्सिल
सरळ ‘होळी’ म्हणा की. आग आहे, वसंत आहे, उड्या आहेत. वाचकाला एका शब्दात कळेल.

शिवाय बेल म्हणजे त्रिदल, आणि ‘टेन’मध्ये तीन आहेच! ;-)

जुनाकोश
डोळा मारलात म्हणून सोडतो, पाटीपेन्सिल. पण नेमकी हीच चूक युरोपातल्या पंडितांनी गंभीर चेहऱ्याने केली होती. ‘बेल’ दिसल्यावर बायबलातला बआल देव आठवला, आणि आयर्लंडमध्ये बआलची पूजा होत होती असं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या ग्रंथांत छापून आलं. आवाज जुळला की नातं जुळलं, ही खोड आपल्याच गावची नाही.

शब्द आयरिश. आजच्या आयरिशमध्ये ‘ब्याल्तन्य’ हे चक्क मे महिन्याचं नाव आहे, शाळेच्या वेळापत्रकातसुद्धा. इ.स. ९००च्या सुमाराचा एक शब्दकोश कॉर्मॅक या राजा-बिशपच्या नावावर आहे (हा ९०८ साली लढाईत मारला गेला). त्यात या शब्दाचा अर्थ ‘शुभ आग’ असा दिलाय. पुढे म्हटलंय की द्रुइद, म्हणजे केल्टांचे पुरोहित, मंत्र म्हणत दोन जाळ करत आणि रोगराई टळावी म्हणून गुरं त्या दोन जाळांच्या मधून हाकत. आजच्या भाषाशास्त्रात सर्वसाधारण मत ‘उजळ आग’ असं आहे. त्यातला शेवटचा तुकडा, जुन्या आयरिशमधला ‘तेने’ म्हणजे विस्तव, हा आपल्या ‘तप्’ धातूचा भाऊबंद मानतात. म्हणजे आपला ताप आणि तापणं. नातं शोधायचंच असेल तर तिथे शोधा, बेलाच्या पानात नको.

इंग्रजी उच्चार ‘बेल्टेन’. आयरिश ‘ब्याल्तन्य’मधला त दंत्य आहे, म्हणजे आपल्या ‘ताक’मधला. तो इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे. तरीही तुमची लेखिका ग्लासगोची आणि इंग्रजीत लिहिणारी, तेव्हा बेल्टेनच ठेवा. मूळ आयरिश शब्द स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत नाताळ, ईस्टर जसे ‘सण’ या शब्दाच्या ओढीने पुल्लिंगी झाले तसा बेल्टेनही ‘साजरा’च होणार.

लेखात पुढे ‘साविन’ हा ऑक्टोबरअखेरचा सण येईल. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘सॅमहेन’ लिहू नका. तिथे ‘एम’नंतरचा ‘एच’ त्या ‘म’चा जवळजवळ ‘व’ करून टाकतो.

सुईदोरा
आलाच आहे तो शब्द, आणि मी सॅमहेनच लिहिलं होतं. वाचवलंत.

उत्तरेचंधुकं
‘होळी’ला माझा ठाम विरोध. मी एडिनबरात राहतो. काल्टन हिलवरचा बेल्टेन दोनदा पाहिलाय.

१९८८ साली काही कलावंतांनी आणि वादकांनी मिळून तो सुरू केला. म्हणजे हजार वर्षांची अखंड परंपरा वगैरे नाही, माझ्या थोरल्या भावापेक्षाही हा उत्सव लहान आहे. टेकडीवर ग्रीक देवळासारखे नुसतेच खांब उभे आहेत. १८२६ला बांधकाम सुरू झालं, १८२९ला पैसे संपले, ते तसंच राहिलं. त्या खांबांपाशी आग पेटते आणि तिथून मे राणीची मिरवणूक निघते. ढोल, मशाली, राकेलसारखा वास, आणि अंगभर तांबडा रंग फासून नाचणारी उघडी माणसं. एप्रिलअखेर असली तरी वारा असा की मी दोन जाकिटांत कुडकुडत होतो. त्यातला एक तांबडा इसम मला घासून गेला, तो डाग बाहीवर अजून आहे. शेवटी हिरवा पुरुष मरतो, पुन्हा जिवंत होतो, मे राणी त्याचा स्वीकार करते आणि मोठा जाळ पेटतो. तिकीट काढून जायचं असतं.

आता याला होळी म्हटलंत तर मराठी वाचकाला होलिका दिसणार, नारळ दिसणार, बोंबा ऐकू येणार. यातलं तिथे काहीच नाही. उलट जे आहे, म्हणजे गुरं आणि नवा विस्तव, ते झाकून जाणार.

अग्निउत्सव मात्र मलाही आवडत नाही. सरकारी सांस्कृतिक खात्याचा फलक वाटतो.

मेलबर्नवाली
गंमत म्हणून सांगते. आमच्याकडे दक्षिण गोलार्धात वसंत उलटा, म्हणून इथले बरेच विक्कापंथी (स्वतःला ‘विच’ म्हणवणाऱ्या आधुनिक पंथातले लोक) बेल्टेन ३१ ऑक्टोबरला करतात. दुकानांत हॅलोविनचे भोपळे, यांच्या घरी फुलांच्या माळा आणि माझ्या घरी चकलीची भाजणी. तेव्हा सुईदोरा, ‘बेल्टेन म्हणजे १ मे’ अशी तळटीप टाकू नका. टाकलीत तर ‘उत्तर गोलार्धात’ जोडा.

जुनाकोश
आणि ‘३० एप्रिलच्या संध्याकाळी’ हे बरोबर आहे, ‘आदल्या संध्याकाळी’ करू नका. केल्टिक लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई. गॉल (आजच्या फ्रान्समधले केल्ट) लोक काळ रात्रींनी मोजतात, हे सीझरनेही नोंदवलंय. आपला दिवस सूर्योदयाला उजाडतो, म्हणून आपल्याला ती पूर्वसंध्या वाटते. त्यांच्या हिशेबाने तेव्हा सण लागलेला असतो.

रानवाटा
मी ‘विच’बद्दल बोलते. बाकीचं तुम्ही पाहा.

मराठीत या कामाचे शब्द दोन प्रकारचे आहेत आणि ते सर्रास एकमेकांत मिसळतात. हडळ, जखीण या मेलेल्या बायका. चेटकीण, डाकीण, भुताळी हे शब्द जिवंत बाईला लावायचे. फरक मोठा आहे. हडळ म्हटल्याने कुणाचं घर जळत नाही. मी सातपुड्याच्या पायथ्याशी सहा वर्षं शिकवत होते. माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. कारण तिच्या आजीला गावाने डाकीण ठरवलं आणि अख्खं कुटुंब रातोरात मामाकडे गेलं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी मार्चपर्यंत ‘गैरहजर’ लिहीत राहिले. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा आहे. एखाद्या व्यक्तीला करणी करते म्हणून छळणं त्यात गुन्हा आहे. हा शब्द अजून इतका ताजा आहे.

तुमची ग्लासगोची बाई हौसेने, स्वखुशीने, स्वतःला ‘विच’ म्हणतेय. मराठीत चेटकीण किंवा डाकीण हे आजवर कुणी स्वतःबद्दल म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते कायम दुसऱ्याने म्हणायचं असतं, बोट दाखवून.

पाटीपेन्सिल
मान्य, पण जरा जास्तच होतंय का? लहानपणी हिमगौरीच्या गोष्टीत चेटकीण होती, झाडूवरची चेटकीण होती. आम्ही स्नेहसंमेलनात चेटकीण झालोय काळा झगा घालून. शब्द मेला थोडाच?

रानवाटा
शहरात तो गोष्टीतला झालाय, खरं आहे. पण गोष्टीतलीसुद्धा दुष्टच आहे ना? सुईदोराची लेखिका दुष्टही नाही आणि गोष्टीतलीही नाही.

उत्तरेचंधुकं
रानवाटाताईंच्या म्हणण्याला इथली जोड देतो. एडिनबरात किल्ल्यासमोर भिंतीत एक छोटंसं कारंजं आहे, १८९४चं. विच म्हणून जिथे बायांना जाळलं त्या जागेची ती खूण. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ विचविरोधी कायदा होता, आणि एडिनबरा विद्यापीठाच्या पाहणीत ३,८३७ आरोपींची नोंद आहे. बहुतेक बाया. म्हणजे इथेही तो शब्द बोट दाखवूनच म्हणायचा होता.

तो अंगावर मिरवायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकात. त्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला ब्रिटनमधला १७३५चा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि तीनच वर्षांनी जेराल्ड गार्डनरचं विच-पंथावरचं पुस्तक आलं. हा सरकारी जकात खात्यातला निवृत्त माणूस, आयुष्याचा मोठा भाग सिलोन, बोर्निओ, मलायात घालवलेला. त्याने आपल्या पंथीयांना ‘विका’ म्हटलं, तेही एकाच क-चं. आठ सणांचं वर्षचक्र ही घडीही १९५०च्या दशकातच बसली: इम्बोल्क, बेल्टेन, लूनासा, साविन हे चार आगीचे आणि मध्ये दोन अयनं, दोन संपात. जुन्या आयर्लंडात हे आठही एका माळेत ओवून कुणी पाळत नव्हतं.

जुनाकोश
आणि जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘विच्चा’ असा उच्चारत, पुल्लिंगी. स्त्रीलिंगी ‘विच्चे’. ‘विक्का’ हा उच्चार स्पेलिंग वाचून झालेला, आपल्या सॅमहेनसारखाच.

माझं मत: ‘विच’ ठेवा. इंग्रजीभाषकांनी तो शब्द स्वतःच्या हाताने उचलून धुतला. चेटकीण हा शब्द कधी धुवायचाच असेल तर तो मराठी बायका धुतील, भाषांतरकाराने परस्पर धुऊन वाळत घालू नये. पहिल्यांदा येईल तिथे ‘विक्कापंथी’ लिहिलंत की वाचकाला धागा मिळेल.

सुईदोरा
पटलं. ‘विक्कापंथी’ आणि पुढे ‘विच’. रानवाटाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शब्द फक्त कानाला बरा लागतो का ते बघत होते.

आता आगीकडे या. लेखात ‘बेलफायर’ आहे आणि ‘नीडफायर’ आहे.

जुनाकोश
‘बेलफायर’चं शब्दशः काही करू नका. जुन्या इंग्रजीत तो ‘बेल’ म्हणजे चिता. शब्दशः गेलात तर बाई सरणावरून उडी मारेल. ‘जाळ’ पुरे. (अवांतर: ‘बॉनफायर’ मुळात ‘बोन फायर’, हाडांची आग. त्या लोकांचे सगळेच आगीचे शब्द असे.)

‘नीडफायर’ मात्र सोन्यासारखा आहे. गावातले सगळे चुलीचे विस्तव विझवायचे, लाकडावर लाकूड घासून नवी आग काढायची आणि त्यावरून घरोघरच्या चुली पुन्हा पेटवायच्या. गुरांवर रोग आला की वर्षाच्या मध्येसुद्धा करत. आपल्याकडे लाकूड घुसळून आग काढण्याला अग्निमंथन आणि त्या लाकडांना अरणी हे शब्द तयार आहेत, पण ते यज्ञमंडपात घेऊन जातात.

कोळसेवाला
इतका वेळ नुसता वाचत होतो. ‘विस्तव’ हा शब्द सगळ्यांनी वापरला, पण तोच उत्तर आहे हे कुणी म्हणेना. आग ही लागते, अग्नी पूजला जातो, विस्तव मात्र घरचा असतो. चुलीत राखेखाली जपायचा, सकाळी फुंकर घालून उठवायचा, विझला तर शेजारणीकडून वाडग्यात मागून आणायचा. माझी आजी गोवरीवर निखारा घेऊन अंगणातून अशी चालायची, की जणू हातात दुधाचं भांडं आहे. म्हणूनच भांडण झालं की ‘त्यांच्यातून विस्तव जात नाही’ म्हणतो आपण.

‘नीडफायर’ म्हणजे ‘नवा विस्तव’.

उत्तरेचंधुकं
वा! आणि हे इथे किती चपखल बसतं बघा. आयर्लंडमध्ये मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातून शेजाऱ्याला विस्तव द्यायचा नाही, असा कडक समज होता. दिला तर त्याबरोबर वर्षभराचं दूध-लोणी जातं. मागायला येणाऱ्या बाईवरच संशय घ्यायचे. म्हणजे त्या एका दिवशी खरंच कुणाच्यातून विस्तव जात नव्हता.

पाटीपेन्सिल
हात जोडले. होळी मागे घेतो.

मेलबर्नवाली
मग ‘फायर फेस्टिव्हल’ = ‘विस्तवाचा सण’. संपलं.

सुईदोरा
संपलं! ‘कोव्हन’ला, म्हणजे विच लोकांच्या गटाला, मंडळ; ‘सॅबट’, म्हणजे त्या आठांपैकी कुठलाही सण, तसाच ठेवतेय. ‘शब्बाथ’ लिहिलं असतं तर वाचकाला मराठी बायबल किंवा कोकणातले शनिवार तेली (बेने इस्रायल ज्यू) आठवले असते. मुळात नातं आहेच, पण इथे उगाच गोंधळ.

नवं वाक्य: “३० एप्रिलच्या सांजेला तिने घरातले सगळे दिवे मालवले, काडी ओढून कढईत नवा विस्तव केला आणि झगा गुडघ्यापर्यंत आवरून त्यावरून उडी मारली.”

कोळसेवाला
‘विझवले’ न लिहिता ‘मालवले’ लिहिलंत, छान. पण काडीने केलेला विस्तव ‘नवा’ कसा? लाकूड कुठे घासलं?

सुईदोरा
मूळ लेखात काडीही नाही हो. लायटर आहे. मला लिहवेना.

कोळसेवाला
मग लायटरच लिहा. उडी मारणारी ती आहे.