मदत हवी आहे: बाप्तिस्म्याच्या जेवणात डुकराचं मांस ठेवावं का, आणि चांगलं मांस ओळखायचं कसं?

बार्देसची_सून

नमस्कार. मी मूळची नगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन गोव्यात आले त्याला सहा वर्षं झाली. म्हापशापासून जवळच राहतो. मे महिन्यात माझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे आणि साठेक माणसं घरी जेवायला असतील. सासूबाईंनी बेत ठरवूनच टाकलाय: सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण), सान्ना (इडलीसारखा प्रकार), चोरिस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) घातलेला पुलाव. मी नुसतं विचारलं, "डुकराचं नको ठेवूया का या वेळी?" तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दुकरामास नासतना कसलें फेस्त गो?" म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय कसला सण?

अडचण अशी की माहेरहून आई आणि दादा येणार आहेत आणि दोघंही डुकराच्या मांसाला हात लावत नाहीत. दोघांची कारणं मात्र वेगळी आहेत.

दादा तीन वर्षांपासून शनिवार शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) म्हणून पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत जातो. त्याच्या मते बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातला नियम आजही लागू आहे. डुकराचा खूर दुभंगलेला आहे पण ते रवंथ करत नाही, म्हणून अशुद्ध. 'अनुवाद' या पुस्तकातही (१४:८) तेच आहे आणि यशया ६६:१७ मध्ये डुकराचं मांस खाणाऱ्यांना सरळ इशाराच दिलाय. मी त्याला मार्कचा सातवा अध्याय सांगितला, की बाहेरून पोटात जातं ते माणसाला विटाळवत नाही. प्रेषितांची कृत्ये १० मधली याफो गावी प्रेषित पेत्राला दृष्टान्तात दिसलेली ती चादर सांगितली, जिच्यात सगळे प्राणी होते आणि पेत्राला "मारून खा" अशी वाणी झाली. त्यावर दादा म्हणाला, "तो दृष्टान्त माणसांबद्दल आहे, डुकरांबद्दल नाही. पेत्र स्वतः १०:२८ मध्ये तसा अर्थ सांगतो." मी वचन उघडून पाहिलं. खरंच तसं लिहिलंय. मला पुढे बोलता आलं नाही.

आईचं कारण पुस्तकातलं नाही. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. आमच्या पणजोबांनी पुढे कधीतरी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि त्याबरोबर डुकराचं मांसही सोडलं. गावात डुकरं उकिरड्यावर आणि पांदीत फिरायची आणि ती खाण्यावरून माणसांना शिव्या दिल्या जायच्या. आईनं त्या शिव्या लहानपणी शाळेत ऐकल्यात. तिच्यासाठी ताटात डुकराचं मांस नसणं म्हणजे मान राखणं आहे. हे मी सासरी कधी नीट सांगू शकले नाही. इथे तर डुकराचं मांस म्हणजेच मानाचं पान.

मी स्वतः खाते. आवडीनं खाते. पण गेल्या नाताळापासून माझ्याही मनात धास्ती बसलीय. एका दुकानातून तीन किलो मांस आणलं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, चूक त्यांची की आणखी कुणाची ते मला ठाऊक नाही. घरी पिशवी उघडून मांड्यांचे तुकडे करायला घेतले, तर लाल मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फुगे दिसले. थोडे लांबट, आरपार दिसतील असे, आणि प्रत्येकात एक बारीक पांढरा ठिपका. सुरीचं टोक लावलं तर एक फुटला आणि पाणी आलं. आधी वाटलं चरबी असेल. मग दुसरा तुकडा कापला, त्यातही तसंच. सगळं फेकून दिलं. तीन किलो मांस फेकताना सासूबाईंना फार वाईट वाटलं आणि मलाही.

तर माझे प्रश्न. ख्रिस्ती माणसानं डुकराचं मांस खावं की नाही, याचं दादाला समजेल असं उत्तर आहे का? ते फुगे कसले होते, आणि या वेळी मांस घेताना काय बघू? पौल करिंथकरांना लिहितो (पहिलं पत्र, १०:२५) की बाजारात विकतात ते मांस, विवेकाच्या शंका न काढता, विचारपूस न करता खा. मग मी खाटकाला दहा प्रश्न विचारले तर ते विश्वासाच्या विरुद्ध आहे का? हे वाचून कुणाला हसू येईल, पण मला खरंच पडलेला प्रश्न आहे.

आणखी एक. सासूबाई सोरपोतेल तीन दिवस आधी करतात, मुरलं की चव येते म्हणतात. मे महिन्याच्या उकाड्यात ते बाहेर ठेवलेलं चालेल का?

पशुवैद्य_निवृत्त

ताई, तुम्ही फेकलंत ते बरोबर केलंत. वर्णनावरून ते डुकरातल्या फीतकृमीचे (टीनिया सोलियम) कोष वाटतात. माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या पोटात त्या कृमीची अंडी जातात आणि मांसात असे कोष होतात. मोकाट डुकरांत, आणि पूर्वी गोव्यात ज्या संडासांखाली डुकरं असत तिथे, हा धोका होता. बंदिस्त गोठ्यात, धान्यावर आणि कोंड्यावर वाढवलेल्या डुकरात तो फार कमी. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, जनावर कुठे आणि कशावर वाढलं.

एक गोष्ट लोक उलटी समजतात, ती नीट लक्षात घ्या. असं मांस अर्धकच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत कोष होऊन फिट्स येतात, तो आजार मात्र मांसातून थेट होत नाही. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातावरून, भाजीवरून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली की तो होतो. त्यामुळे जन्मात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो. साठ माणसांच्या स्वयंपाकात कोशिंबीर चिरणाऱ्याचे हात साबणानं धुतलेले असणं हे मांस तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे. नाताळात तुमच्या घरात आधी तशा मांसातलं काही खाल्लं गेलं असेल तर डॉक्टरांना सांगून शौचाची तपासणी करून घ्या. उपचार सोपा आहे.

घेताना पाहायचं ते असं: मांस फिकट गुलाबी ते लालसर, बोटानं दाबलं तर परत वर येणारं, चरबी पांढरी आणि घट्ट. पिवळट, चिकट, खाली पाणी साचलेलं नको. खाटकाला मांडीचा किंवा खांद्याचा मोठा तुकडा समोर उभा चिरून दाखवायला सांगा, कोष आतच असतात. खच्ची न केलेल्या नराच्या मांसाला शिजताना उग्र वास येतो. तो रोग नव्हे, पण पाहुण्यांसमोर नको. दुकानात अन्न परवाना लावलेला असतो, तो बघा, आणि मांस तपासलेल्या कत्तलखान्यातून आलंय का तेही विचारा. उसगावला सरकारी मांस प्रकल्प आहे, तिथे तुम्हाला माहिती मिळू शकेल.

शिजवताना तुकड्याच्या मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस पोचलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर आतला गुलाबीपणा जाईपर्यंत आणि रस्सा खदखदेपर्यंत शिजवा. सोरपोतेलात मांस आधी उकडतात, मग बारीक चिरून तळतात, मग पुन्हा शिजवतात, त्यामुळे त्याची मला चिंता नाही. चिंता चोरिसची. मीठ, विनागर (व्हिनेगर), ऊन आणि धूर यांच्या भरवशावर राहू नका, ते कच्चंच मांस आहे. पुलावात टाकण्याआधी पाण्यात चांगलं शिजवून घ्या. शंका असेल तर कच्चं मांस गोठवून ठेवा. उणे १५ अंशाला तीन दिवसांत कोष मरतात. घरच्या फ्रीजरवर पूर्ण विसंबू नये, म्हणून छोटे तुकडे करून आठवडाभर ठेवा.

तीन दिवस मुरवायचं तर फ्रीजमध्येच. विनागर मदत करतं, पण मे महिन्यात त्याच्यावर सगळं सोपवू नका. पसरट भांड्यांत विभागून थंड करा आणि वाढायच्या दिवशी लागेल तेवढंच काढून पुन्हा उकळा.

आफ्रिकन स्वाइन फीवर बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. तो भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये आसामात सापडला. डुकरं त्यानं मरतात, माणसाला तो होत नाही.

सासष्टीकर

मी मडगावचा, कॅथलिक. ताई, तुमच्या आईविषयी वाचून गलबलून आलं. आम्हा गोंयकारांना हे कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

दादांच्या मुद्द्यावर. कृत्ये १० मध्ये पेत्र माणसांबद्दल बोलतोय हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर त्यांच्याशी भांडू नका. पण पुढचा १५ वा अध्याय काढा. यरुशलेमात सगळे प्रेषित एकत्र बसले, विदेशी विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचं ओझं किती टाकायचं याच प्रश्नावर. त्यांनी चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं, आणि जारकर्म. डुक्कर त्या यादीत नाही. सांगायचं असतं तर तिथेच सांगितलं असतं. हा माझ्या मते सगळ्यात सरळ पुरावा आहे.

पण प्रामाणिकपणे त्याच यादीतला दुसरा शब्द पाहा, रक्त. जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात डुकराचं रक्त घालतात. आमच्या चर्चमध्ये ती बंदी आता कायमची मानत नाहीत, पण दादांना ती नक्की खटकेल. आमच्या घरी माझी बायको पंधरा वर्षांपासून रक्ताशिवाय करते, काळीज घालते, आणि फरक कुणाला कळत नाही.

दुसरं, थोडं इतिहासाचं. पोर्तुगालमध्ये एखादा नवख्रिस्ती (यहुदी धर्म सोडून आलेला) डुकराचं मांस टाळतो असं दिसलं की तो मनातून अजून यहुदीच आहे असा संशय इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, घेत असे. तेच इन्क्विझिशन गोव्यात १५६० साली आलं आणि मध्ये थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत होतं. म्हणजे ताटातल्या मांसावरून श्रद्धा तपासणं आपल्या इतिहासात झालेलं आहे. तुमच्या घरात ते पुन्हा होऊ देऊ नका, ना सासूबाईंकडून, ना दादांकडून. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती डुकराचं मांस खात नाहीत आणि आम्ही खातो. दोघंही ख्रिस्तीच.

आणि विचारपूस. पौल विवेकाच्या शंका काढू नका म्हणतो, म्हणजे हे मांस मूर्तीला अर्पिलेलं आहे का, कुठल्या देवळातून आलं, ते शोधत बसू नका. जनावर कुठलं खाऊन वाढलं हे विचारायला त्याची काही हरकत असेल असं मला वाटत नाही. खुशाल दहा प्रश्न विचारा.

बार्देसची_सून

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही उत्तरं मी नवऱ्याला वाचून दाखवली आणि मग सकाळी आईला फोन केला.

दादाला कृत्ये १५ वाचून दाखवलं. तो लगेच मान्य झाला असं नाही. म्हणाला, तपासून बघतो. पण सोरपोतेलात रक्त नसेल तर त्याच मांडवात बसून जेवेन, माझ्या ताटात मात्र वाढू नका, असं तो स्वतःहून बोलला. इतकं मला पुरे आहे. मीही त्याला रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचायला सांगितला आणि स्वतः पुन्हा वाचला. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. आधी मला तो अध्याय नुसता दादासाठी वाटायचा. आता त्यातला पहिला अर्धा भाग माझ्यासाठी आहे हे दिसलं. सहा वर्षांत दोनदा तरी मी आईला म्हणाले आहे, "तू कशाला एवढं करतेस, नुसतं मांसच तर आहे."

आईनं फक्त एवढं सांगितलं, "माझी पळी वेगळी ठेव."

आज दुपारी मी धीर करून सासूबाईंना गावातल्या त्या शिव्यांचं सगळं सांगितलं. कोकणी मला अजून तोडकीमोडकी येते, त्यामुळे निम्मं मराठीत. त्या लसूण सोलत होत्या. हातातला लसूण खाली ठेवला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुजे आवयक मटण हांव स्वता रांदतां." म्हणजे तुझ्या आईला मटण मी स्वतः रांधते. वेगळं पातेलं, वेगळी पळी, वेगळ्या चुलीवर. बकऱ्याची शागुती (मसालेदार रस्सा) आणि साधा पुलाव करायचं ठरलं. चोरिसचा पुलाव राहील, पण वेगळ्या टेबलावर. सोरपोतेलात रक्त नाही, आणि या वेळी ते फ्रीजमध्ये मुरणार. यावर मात्र त्या जरा कुरकुरल्या, कारण त्यांच्या सासूबाईंचं मातीचं भांडं फ्रीजमध्ये मावत नाही.

शेजारच्या गावात एक जण बंदिस्त गोठ्यात डुकरं पाळतो, त्याच्याकडे रविवारी जाऊन बघून येणार आहोत. डॉक्टरसाहेब, मोठा तुकडा चिरून दाखवा म्हटलं की तो कुठे चिरायला सांगू, मांडीत हाडाच्या बाजूनं की मधोमध? आणि कुणाला अनुभव असेल तर सांगा: साठ माणसांना सोरपोतेल आणि शागुती दोन्ही असतील तर डुकराचं मांस किती किलो धरायचं? सासूबाई वीस किलो म्हणतात, मला ते फार वाटतंय.