टिपणी, नोटीस आणि खिडकी: सरकारी कचेरीतले अनुभव लिहा

राजभाषा अधिनियम 1964 चा. म्हणजे कचेरीत मराठी लिहायची सवय जुनी. समोरच्याला कळेल असं लिहायची मात्र ज्याची त्यानेच लावून घ्यावी लागते. तुम्ही काय केलंत, काय पाहिलंत? उपदेश नकोत, प्रसंग सांगा.

अव्वल कारकून, महसूल (निवृत्त): नव्या लिपिकाला मी सांगायचो, टिपणीचा (फायलीत साहेबांच्या निर्णयासाठी लिहितात तिचा) शेवटचा परिच्छेद आधी लिही. साहेबांनी सही केली तर नेमकं काय मंजूर होणार, ते त्यात हवं. आमच्या फायली नुसत्या ‘आदेशार्थ सादर’ म्हणून वर जायच्या आणि ‘चर्चा करा’ असा शेरा घेऊन खाली यायच्या. मग आलेल्या मॅडमनी शिस्तच लावली: पर्याय मांडा, प्रत्येकाखाली नियम लिहा, खर्च लिहा, तुमचं मत लिहा. मत लिहायला सगळ्यांनाच जड गेलं. सही आपली, म्हणजे उद्या विचारणा आपल्यालाच!

तलाठी, विदर्भ: (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच.) फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस पाहून एक आजी रडायलाच लागल्या, जमीन जप्त होतेय म्हणून. तेव्हापासून सही घेण्याआधी तोंडी सांगतो: कुणाचा फेरफार, कोणता गट, हरकत असेल तर 15 दिवसांत लेखी द्या आणि पोच घ्या. सही फक्त नोटीस मिळाल्याची, संमतीची नाही. हे शेवटचं दोनदा सांगावं लागतं.

आरोग्य सेविका: रात्री ग्रुपवर मेसेज: ‘माहिती तात्काळ सादर करावी.’ कुठली माहिती? कुठल्या महिन्याची? मग सगळ्यांचं ‘सर, कोणती?’ सुरू. पुढे काय लिहू!

एक अर्जदार: मी टेबलाच्या अलीकडचा. दाखल्यासाठी दर खेपेला एक नवा कागद सांगायचे. शेवटी दुसऱ्या टेबलावरच्या ताईंनी राहिलेले सगळे कागद एका चिठ्ठीवर लिहून दिले. लोकसेवा हक्क कायद्यात (2015) अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

जनमाहिती अधिकारी, बांधकाम: माहिती अधिकारात ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असे अर्ज येतात. माहिती कशाला हवी, हे कायद्याने विचारता येत नाही, मी विचारतही नाही. फोन करून एवढंच म्हणतो, कोणतं काम, कोणतं वर्ष? बहुतेकांना मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) दोन-चार पानंच हवी असतात. 30 दिवसांची मुदत, पण आठवड्यात काम होतं.

अव्वल कारकून (निवृत्त): फोनवर ठरलेलं लेखी कळवता ना?

जनमाहिती अधिकारी: त्याच दिवशी. नाहीतर अपिलात तो म्हणणार, मी सगळंच मागितलं होतं, आणि अर्ज त्याच्याच बाजूने बोलणार.