समाजमंदिरासाठी वागणुकीची नियमावली करायची आहे: काय ठेवावं, काय गाळावं, पाळायला कसं लावावं?

कार्यवाह_तालुका

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं समाजमंदिर आमची संस्था चालवते. इमारत नगरपरिषदेची, चालवायला कराराने घेतलेली. वर ६० जागांची अभ्यासिका आहे, तिथे बहुतेक मुलंमुली पोलीस भरती आणि एमपीएससीची. खाली सभागृह आणि त्याला लागून कॅरम-टेबल टेनिसची खोली. दुपारी बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक संघ बसतो. बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण यांना सभागृह भाड्याने देतो. माणसं दोनच, दिवसाचा शिपाई आणि रात्रीचा राखणदार.

भिंतीवर २२ नियमांचा फ्लेक्स आहे, पण कुणी बघत नाही. अभ्यासिकेत पिशव्या ठेवून जागा अडवतात, खेळखोलीत शिवीगाळ चालते, साखरपुड्याला डीजे येतो. सभासदाच्याच मुलाला बोलायची वेळ आली की सगळे गप्प. सर्वसाधारण सभेपुढे नवी नियमावली ठेवायची आहे. दंड लावावा का? कॅमेरे बसवावेत का? ज्यांनी अशी जागा चालवली आहे त्यांनी नेमकं सांगावं.

ग्रंथपाल_दुपारपाळी

आधी तो फ्लेक्स उतरवा. २२ पैकी निम्म्या इच्छा असतील, नियम नसतील. ‘शांतता राखावी’, ‘सौजन्याने वागावे’ यांचं उल्लंघन झालं की नाही हे कोण ठरवणार? शिपायाला दारात उभं राहून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, असंच वाक्य लिहा. ‘फोनवर बोलायचे असल्यास जिन्यात जावे’ हा नियम झाला.

दुसरं, तिन्ही जागांचे नियम वेगळे करा. अभ्यासिकेची शांतता हास्यक्लबला लावली की लोक सगळ्याच पाटीकडे दुर्लक्ष करायला शिकतात. प्रत्येक दारावर त्या खोलीचे पाच-सात नियम, मोठ्या अक्षरात, डोळ्यांच्या उंचीवर. बाकीचं प्रवेश अर्जाच्या मागे छापा आणि खाली सही घ्या.

आता जागा अडवणे. अभ्यासिकेतली निम्मी भांडणं इथून सुरू होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

टेबलांवर रंगाने १ ते ६० क्रमांक टाका आणि तेवढेच बिल्ले करून दारात ठेवा. येताना बिल्ला घ्यायचा, जाताना परत करायचा. मधे उठायचं असेल तर टेबलावर चिठ्ठी: एरवी ३० मिनिटं, दुपारी १२ ते ३ मध्ये जेवणासाठी एकदा ६० मिनिटं. चिठ्ठीवरची वेळ शिपायाने लिहायची, मुलांनी नाही. नाहीतर १२ ला उठलेला माणूस १२.४० लिहून जातो. वेळ संपल्यावर आणखी १० मिनिटं थांबा. मग सामान त्या क्रमांकाच्या कापडी पिशवीत भरून दाराजवळच्या मांडणीवर ठेवायचं आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला द्यायची. सामान हलवताना शिपायासोबत अभ्यासिकेतलं कुणीतरी एक हवंच, आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या. एकट्याने हलवलं की ‘माझे पाचशे रुपये गेले’ हे ऐकावं लागणार.

पण मुलं जागा का अडवतात तेही बघा. चार-पाच किलोची पुस्तकं रोज खांद्यावर आणायची आणि न्यायची, हे खरं कारण असतं. बाहेर कुलूप लावता येतील असे कप्पे करा, मासिक नाममात्र भाड्याने द्या, अर्धा प्रश्न तिथेच संपतो. त्यानंतर ‘बंद होताना टेबल पूर्ण रिकामे’ हा नियम लावला तर पटतो. कप्पे न देता लावलात तर अन्याय वाटतो, आणि मग कुणी पाळत नाही.

मोडतं कुठे, तर पूर्वपरीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात. गर्दी वाढते, शिपाई ओळखीच्यांना सवलत देतो आणि आठवड्यात सगळी पद्धत कोसळते. तेवढे दिवस समितीतल्या एकाने रोज तासभर दारात बसावं.

खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावा. टेबल टेनिसची खोली बरोबर अभ्यासिकेखाली असेल तर खेळाची वेळ संध्याकाळची एकच ठेवा आणि ती वर लिहून लावा. आवाज किती वाजता थांबणार हे माहीत असलं की तक्रारी खूप कमी होतात.

घटना_आणि_उपविधी

ग्रंथपालांशी सहमत. मी कार्यपद्धतीचं लिहितो.

सभेआधी दोन कागद काढा: संस्थेची घटना (१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असणार) आणि नगरपरिषदेशी झालेला करार. प्रवेश थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, तो कुणाकडे आहे, हे तिथे बघायचं. करारात ‘सर्व नागरिकांसाठी खुले’ असं असेल तर अमुक वस्तीतल्यांना किंवा अमुक वयाच्यांना सरसकट बंदी घालता येणार नाही. बंदी घालायची तर वर्तनावर घाला, माणसाच्या गटावर नको. मग सभेत ठराव, त्यात अंमलाची तारीख, आणि मधे निदान १५ दिवस.

दंड नको, हे माझं ठाम मत. ५० रुपये दंड ठेवला की ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ती फी वाटते, ‘भरले ना पैसे!’ म्हणून तो पुन्हा तेच करतो. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीला मात्र तेच ५० रुपये जड जातात. शिवाय शिपायाच्या हातात रोकड आली की पावती, हिशेब आणि संशय आलाच. प्रवेश काही दिवस थांबवणं सगळ्यांना सारखं लागतं.

पायऱ्या अशा ठेवा. पहिल्यांदा तोंडी, पण नोंदवहीत नोंद. दुसऱ्यांदा लेखी समज, सही घेऊन. तिसऱ्यांदा सात दिवस प्रवेश बंद. त्यानंतर महिनाभर, पण हा निर्णय तिघांच्या समितीने म्हणणं ऐकूनच घ्यायचा. मारामारी, हत्यार, दारू पिऊन येणे आणि छेडछाड यांना पायऱ्या नाहीत. त्या दिवशी बाहेर, गरज असेल तर ११२ ला फोन, पुढचं समिती बघेल. सहा महिने नवी नोंद नसेल तर जुनी मोजायची नाही, हेही लिहा. नाहीतर दोन वर्षांपूर्वीची समज काढून कुणीतरी जुना राग काढतो.

महिनाभराच्या बंदीआधीच्या नोटिशीत चार गोष्टी लागतात: नियमाचा क्रमांक, घटनेची तारीख-वेळ, काय घडलं, आणि उत्तराला सात दिवस. नोटीस देताना पोच घ्या. तिघांपैकी कुणाचा नातेवाईक असेल तर त्याने त्या प्रकरणापुरतं उठायचं आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. सभासदाच्या मुलाचा प्रश्न यानेच सुटतो.

नोंदवहीत विशेषणं नकोत. ‘उर्मटपणे बोलला’ यावर वाद होतो. ‘सायं. ६.२० ला दोनदा सांगूनही टेबलावरून उठला नाही, तिसऱ्यांदा सांगितल्यावर खुर्ची लाथाडली’ यावर होत नाही.

सभागृहाचं वेगळं. तिथे अनामत ठेवा आणि कशासाठी किती कापणार हे पावतीच्या मागे आधीच छापा. किल्ली देताना आणि घेताना खुर्च्या, पंखे, नळ, भिंती यांची यादी दोघांनी मिळून तपासायची, मोबाइलवर फोटो काढायचे.

डीजेबद्दल: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात आतल्यापुरता चालतो, पण दारं-खिडक्या उघडी ठेवून अंगणापर्यंत आवाज गेला तर त्या सवलतीला अर्थ उरत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, डीजे ती पहिल्याच गाण्यात ओलांडतो. म्हणून १० ची वाट बघू नका. भाडेपावतीवर ‘९.४५ ला संगीत बंद, १०.३० ला सभागृह रिकामे’ लिहा. विजेच्या मुख्य पेटीला कुलूप लावा, किल्ली कार्यवाहांकडे, आणि आवारात जनरेटरची गाडी आणायला मनाई. मोठ्या डीजेला साध्या प्लगवरची वीज पुरत नाही, त्यामुळे या दोन गोष्टींनीच बहुतेक डीजे दारातून परत जातात.

धूम्रपान बंदीची पाटी कायद्याने लागते, किमान ६० × ३० सेंमी. दंड २०० रुपयांपर्यंत, पण तो अधिकृत अधिकाऱ्याने करायचा, शिपायाने नाही.

खेळघर_ताई

खेळखोलीबद्दल मी सांगते. बारा ते सतरा वयाच्या मुलांना तयार नियम देऊ नका. त्यांना बोलावून विचारा, ‘इथे काय झालं की खेळायची मजा जाते?’ लहानांना पाळी न मिळणं, रॅकेट आपटणं, आईबहिणीवरून शिव्या ही यादी तेच देतात. पाळीचा नियम आकड्यात करा: ११ गुणांचा एकच डाव, हरणारा उठणार, जिंकणारा सलग तीन डावांनंतर उठणार. फळ्यावर नावं लिहायची. बरीचशी शिवीगाळ पाळीवरूनच होते, पाळी सरळ लागली की ती आपोआप उतरते. तरी शिवी दिली तर तो डाव सोडायचा आणि फळ्यावर शेवटी नाव लिहायचं. शिक्षा तिथल्या तिथे आणि दहा-पंधरा मिनिटांची. उद्या दिलेली शिक्षा मुलांच्या लेखी नसल्यासारखीच.

तीन गोष्टींवर मात्र तडजोड नको. अठराखालच्या मुलाला किंवा मुलीला अंधार पडल्यावर दाराबाहेर काढायचं नाही. आत बाकावर बसवा, पालकांना फोन करा, ते येईपर्यंत मोठं माणूस सोबत ठेवा. त्यासाठी प्रवेश अर्जावर पालकांचे दोन क्रमांक घ्या.

फोन हिसकावणं, दप्तर तपासणं, गटावर फोटो टाकून ‘हाच तो’ म्हणणं, यातलं काहीही कर्मचाऱ्यांनी करायचं नाही.

आणि अठराखालच्या कुणाबाबतही लैंगिक छळाची तक्रार किंवा नुसती शंका आली तर तुमची तिघांची समिती तिथे लागू नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा ठरतो. ‘आपण आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक खेळखोलीत मुलांच्या उंचीवर लावा.

कॅमेरे दारात, जिन्यात, सभागृहात चालतील. स्वच्छतागृहाच्या वाटेकडे आणि कपडे बदलायच्या खोलीत नकोत. कॅमेरा असल्याची पाटी लावा. चित्रण कोण बघू शकेल त्या दोघांचे हुद्दे आणि किती दिवसांनी पुसलं जाईल ते ठरावात लिहा.

कार्यवाह_तालुका

मनापासून आभार. मोठी अडचण अजून तीच आहे. शिपाई याच गावातला. त्याने कुणाला अडवलं की दहा मिनिटांत पुढाऱ्याचा फोन येतो, ‘आपला पोरगा आहे, सोडा.’ तो बिचारा घाबरतो.

ग्रंथपाल_दुपारपाळी

म्हणून शिपायाला निर्णयाचा अधिकार देऊच नका. त्याने फक्त सांगायचं आणि लिहायचं. एक वाक्य पाठ करून द्या: ‘दादा, नियम क्रमांक तीन आहे, मला वहीत लिहावं लागतं, पुढचं समितीशी बोला.’ वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, दोनदा सांगून झालं की बाजूला व्हायचं. फोन आला तर तोही लिहायचा: वेळ, कुणाचा, काय म्हणाले. दबाव नोंदवहीत उतरतो म्हटल्यावर असे फोन कमी होतात. आणि शिपायाने केलेली नोंद समितीने कधीही त्याच्यासमोर खोडू नये. सवलत द्यायचीच असेल तर समितीने स्वतंत्र पानावर कारण लिहून, सही करून द्यावी.

कार्यवाह_तालुका

अभ्यासिकेच्या दारासाठी कच्चा मसुदा:

१. येताना बिल्ला घ्यावा, जाताना परत करावा.
२. उठताना वेळेची चिठ्ठी ठेवावी. वेळ संपून १० मिनिटांनी सामान मांडणीवर जाईल.
३. फोन मूक ठेवावा; बोलणे जिन्यात.
४. पाणी चालेल, खाणे खाली.
५. गटचर्चा अभ्यासिकेत नको.
६. बंद होताना टेबल रिकामे.

घटना_आणि_उपविधी

चांगला आहे. पाचव्यात चर्चा कुठे करायची ते लिहा, नाहीतर ती जिन्यात होईल आणि तिसऱ्या नियमाशी टक्कर होईल. सभागृह रिकामं असेल त्या वेळा द्या, उदाहरणार्थ सकाळी ८ ते ११. आणि तळाशी एक ओळ हवी: तक्रार कुणाकडे, कोणत्या वेळेत, किती दिवसांत उत्तर. नियम मोडणाऱ्याला पाटीवर सगळं दिसतं, ज्याला त्रास होतोय त्याला काय करायचं ते कळत नाही. दारात कुलूपवाली तक्रारपेटी ठेवा आणि ती दर शनिवारी दोघांनी मिळून उघडा.

खेळघर_ताई

पेटी एकट्या दारात नको, तिथे कोण चिठ्ठी टाकतंय ते सगळे बघतात. दुसरी एक मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ लावा.