‘ग्रेट अवेकनिंग’ : धर्मजागृती, पुनरुज्जीवन की प्रबोधन?

मुळाक्षर :
अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या इतिहासाचे भाषांतर करताना एका जागी अडले आहे. १७३० व १७४० च्या दशकांत तेथे उसळलेल्या ‘ग्रेट अवेकनिंग’ या धर्मलाटेला मी ‘धर्मजागृती’ म्हटले आणि त्याच काळात रुजत असलेल्या ‘एन्लायटनमेंट’ या बुद्धिवादी विचारप्रवाहाला ‘प्रबोधन’. तपासनिसांनी दोन्ही खोडून अनुक्रमे ‘धार्मिक पुनरुज्जीवन’ आणि ‘ज्ञानोदय’ सुचवले. ‘प्रबोधन’ शालेय पुस्तकांत ‘रेनेसान्स’साठी रूढ आहे, असे त्यांचे म्हणणे. पण ‘प्रबोध’ म्हणजे मुळात जागे होणेच, आणि त्या न्यायाने ‘प्रबोधन’ हा शब्द ‘अवेकनिंग’च्या वाट्याला जातो. आपण काय वापराल?

वैखरी :
‘पुनरुज्जीवन’ला माझा ठाम विरोध आहे. मराठीत ‘पुनरुज्जीवनवादी’ म्हटले की एकोणिसाव्या शतकातील, सुधारकांच्या विरोधात उभे राहिलेले परंपराभिमानी आठवतात. वसाहतींतील लाट तशी नव्हती. १७४० मध्ये गिल्बर्ट टेनंट यांनी पेन्सिल्वेनियात, ज्यांचे स्वतःचेच अंतःकरण पालटलेले नाही असे धर्मोपदेशक मंडळींना घातक आहेत, असे उघड प्रवचन केले. प्रस्थापित पाळकांविरुद्धच हा आवाज होता. ‘जागृती’च योग्य.

रानवारा :
‘ज्ञानोदय’बद्दल नगरकर म्हणून थोडे लिहितो. माझ्या आजोबांच्या फडताळात ‘ज्ञानोदय’चे जुने अंक होते, त्यामुळे लहानपणापासून हा शब्द मला मिशनच्या घंटेसोबतच ऐकू येतो. अमेरिकन मराठी मिशनने हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केले. त्या मिशनमागचे अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये स्थापन झाले, तेही धर्मजागृतीच्या दुसऱ्या लाटेतून. म्हणजे तपासनिसांनी ‘एन्लायटनमेंट’ला दिलेला शब्द मराठीत रुजवण्यात ‘अवेकनिंग’च्या वारसदारांचा मोठा वाटा आहे. योगायोग असा की जोसेफ ट्रेसी यांचे ‘द ग्रेट अवेकनिंग’ हे पुस्तकही १८४२ चेच, आणि ते नाव इतिहासलेखनात पक्के झाले ते मुख्यतः त्या पुस्तकामुळे.

जुना वाचक :
मग ‘ग्रेट अवेकनिंग’ असेच देवनागरीत ठेवावे. ‘रेनेसान्स’ आपण सर्रास लिहितो. प्रत्येक विशेषनामाला संस्कृत वस्त्र नेसवण्याचा हट्ट वाचकाला फक्त दमवतो.

वैखरी :
ते नुसते विशेषनाम नाही. या लाटेतले नॉर्दॅम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स ‘जागे झालेले’ लोक असे म्हणतात तेव्हा ते माणसाच्या एका विशिष्ट अवस्थेचे वर्णन असते. तेथे ‘अवेकन झालेले’ लिहिणार का?

मुळाक्षर :
माझी खरी अडचण निराळी आहे. या दोन प्रवाहांना विरुद्धार्थी शब्द शोधावेत तर ती माणसेच विरुद्ध टोकांना उभी नाहीत. फिलाडेल्फियात या लाटेचे फिरते प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांचे प्रवचन चालू असताना बेंजामिन फ्रँकलिन मागे मागे सरकत नदीच्या दिशेने गेले, आवाज कोठवर स्पष्ट ऐकू येतो ते पाहिले, तेवढ्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ कल्पून माणशी दोन चौरस फूट जागा धरली आणि तीस हजारांहून अधिक लोकांना ऐकू जाईल असा हिशेब केला. प्रवचने छापणारेही तेच. उलट एडवर्ड्स यांनी बुद्धिवाद्यांचा तत्त्वज्ञ जॉन लॉक मन लावून वाचला होता. १७३४ मध्ये छापलेल्या प्रवचनात ते सांगतात की मध गोड असतो हे बुद्धीने मानणे वेगळे आणि ती गोडी जिभेवर येणे वेगळे. १७५८ मध्ये प्रिन्स्टनला त्यांनी देवी टोचून घेतल्या आणि त्यातच ते गेले.

रानवारा :
मधाच्या त्या वाक्यासाठी ‘प्रचीती’ हा रामदासांचा शब्द तयार आहे. शिवाय ‘प्रकाश’ दोन्हीकडे असल्यामुळे गोंधळ वाढतो : जागृतीचे समर्थक ‘न्यू लाइट’, विरोधक ‘ओल्ड लाइट’, आणि बुद्धिवादाचे तर नावच प्रकाशाचे.

जुना वाचक :
विरोधक जागृतीवाल्यांवर ‘एन्थुझिअॅझम’चा जो आरोप करत, तो शब्द कसा लिहिणार? बॉस्टनचे पाळक चार्ल्स चॉन्सी यांनी १७४२ मध्ये त्याविरुद्ध प्रवचन छापले. ‘उत्साह’ लिहिलेत तर अर्थच उलटेल.

वैखरी :
मूळ ग्रीक शब्दात ‘आत देव असणे’ हा भाव आहे, म्हणून ‘अंगात येणे’ इतके चपखल दुसरे काही नाही.

रानवारा :
मान्य नाही. आपल्याकडे अंगात आलेल्या माणसाच्या पाया पडतात. चॉन्सींच्या तोंडी तो दोषारोप आहे. त्यांनी त्याला सरळ रोग आणि एक प्रकारचे वेड म्हटले आहे. ‘उन्माद’ लिहावे.

वैखरी :
मग एडवर्ड्स यांच्या १७४६ च्या ग्रंथाचे काय कराल? अंग थरथरणे, रडणे-ओरडणे ही खऱ्या श्रद्धेची खूण नव्हे आणि खोटेपणाचीही नव्हे, असे ते तेथे म्हणतात. त्याच लक्षणांना आधीच्या पानावर ‘उन्माद’ म्हटलेत तर निकाल त्यांच्या बोलण्याआधीच लागलेला असेल.

जुना वाचक :
दोघांच्या पानांवर दोन वेगळे शब्द दिलेत तर ते एकाच गोष्टीवर भांडत आहेत हे वाचकाला कळणार नाही. मी अजूनही ‘एन्थुझिअॅझम’च ठेवा म्हणतो.