रान विकणाऱ्याला शिव्या घालण्याआधी सातबारा बघा

व्हाळाकाठचा
"सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातले डोंगर बोडके झाले ते स्थानिकांच्या हावरेपणामुळे. आजोबांनी राखलेलं रान नातू दोन पैशांसाठी विकतात." परवाची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. लिहिणाऱ्याने आमच्याकडचा सातबारा पाहिलाय कधी? एका उताऱ्यावर डझनभर नावं, त्यातली अर्धी मुंबईत. वाटणी नाही, कसणारा नाही. मग व्यापारी येतो, उभं रान उक्तं मागतो आणि सह्या गोळा करत तोच फिरतो. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं सरपणाच्या भावात. तोड झाली की जेसीबी लावून पायऱ्या पाडायच्या आणि काजू नाहीतर रबर. रबराखाली झुडूप ठेवत नाहीत, त्यामुळे पाऊस मुरत नाही, लाल पाणी थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात. आमचा झरा पूर्वी मे अखेरपर्यंत चालायचा. आता शिमग्यालाच बंद.

घाटमाथा
ती पोस्ट माझीच, आणि एक शब्द मागे घेणार नाही. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तोडीला बंदी घातली. तरी रात्री लाकडाच्या गाड्या भरतात. सह्यांना माणसं सापडत नाहीत म्हणता, पैसे वाटताना बरी सापडतात! २०११ ला पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने ग्रामसभेला विचारा म्हटलं, तेव्हा "आमचा विकास अडवला" म्हणून बोंब कोणी मारली?

व्हाळाकाठचा
सगळ्यांनी नाही. काही ग्रामसभांनी खाणी नकोत, आमचा गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. ते सोयीने विसरा.

माडाचो धनी
रान राखा, रान राखा. राखून माकडं पोसायची? कोवळे नारळ तोडतात, दोन घोट पितात, फेकतात. सकाळी माडाखाली नुसता खच. मुंबयत बसान सांगूक काय जाता?

घाटमाथा
रानातली फळझाडं तोडलीत म्हणून ती वाडीत आली.

माडाचो धनी
आजोबांच्या वेळीही यायची. तेव्हा घरात बंदूक होती आणि राखण करायला पोरं होती. आता दोन्ही नाहीत. वर २००२ पासून कर्नाटकातून हत्तीही येतात. त्यांना कुठलं फळ कमी पडलं होतं?

आरोग्यसेविका
माकडांवर आलाच आहात तर माकडतापाबद्दल बोला. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला हा रोग २०१६ ला दोडामार्गात आला. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच. माझी आत्या बी वेचायला गेली, गोचीड चावली आणि तापात गोव्याला न्यावी लागली. रान तोडून बाग रानाच्या पोटात नेली की गुरं, माकडं, माणसं, गोचिडी सगळे एकाच वाटेवर येतात.

माडाचो धनी
म्हणजे चूक माकडांची नाही, काजूची! उद्या माडाचीही म्हणाल.

सध्या_दुबई
बाहेरचा म्हणून एकच विचारतो. पामतेल सर्वात जास्त आयात करणारा देश आपला. बोर्निओ बेटावरचं रान तोडून लावलेलं ते तेल बिस्किटात चालतं, साबणात चालतं. शेतकऱ्याने चार झाडं विकली की लगेच पर्यावरण आठवतं?

घाटमाथा
चार झाडं? अख्खा डोंगर हो. आणि बोर्निओत तोडतात म्हणून इथे माफ, हा कुठला न्याय? बरं, बिस्किट सोडलं. आता गाड्यांचं बोला.

व्हाळाकाठचा
गाड्यांचं मान्य. त्यातली एक आमच्याच भावकीची होती, हेही ठाऊक आहे. पण भाव ठरवणारा आणि दाखला फिरवणारा वेगळाच, त्याला तुम्ही पोस्टमध्ये हात लावला नाहीत. रान उभं ठेवलं म्हणून वर्षाला काही रक्कम द्या, मग बघा किती जण विकतात. आणि गाडी अडवायचीच असेल तर रात्री दोनला नाक्यावर या. चहा माझ्याकडून.

माडाचो धनी
चाय नको, गलोल घेवन येवा. माड मी दाखयतंय.