इंग्लंडची जुनी शहरं, कोचची सहल: तुमचा पाय कुठून निघेना?

गेल्या जूनमध्ये आईबाबांना घेऊन आठ दिवसांची कोच सहल केली. एकेका शहराला दोन तास, आणि जुन्या गल्ल्यांत बस शिरत नाही म्हणून त्यातलाही बराच वेळ चालण्यात. तरी एखादं ठिकाण असं निघतं की गाइड हाका मारतोय आणि आपण तिथेच. तुमचं कोणतं? एकच सांगा, पण नीट सांगा.

आमचं सॉल्सबरी. कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा सगळे मान वर करून बघत होते. बाबा मात्र आत एका लोखंडी सांगाड्यापुढे उभे होते. १३८६च्या सुमाराचं घड्याळ! तबकडी नाही, काटे नाहीत. तासाचे टोले देण्यासाठी केलेलं. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत. राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या १२१५च्या सनदेची, मॅग्ना कार्टाची, प्रत तिथेच आहे, पण ती बघायला ते आलेच नाहीत. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले.

मालवणकर
बाथ. रोमन हौदातलं ४६ अंशांचं पाणी जमिनीतून आपोआप वर येतं, त्यात हात घालू देत नाहीत. पण मी खिळलो ते शिशाच्या छोट्या पत्र्यांपाशी. अंघोळीला आलेल्यांच्या वस्तू चोरीला जायच्या, मग लोक सुलिस मिनर्व्हा देवीला पत्र्यावर तक्रार कोरून पाण्यात सोडायचे. एकाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावोत असं त्याने मागितलंय. आमच्याकडे देवळात घालतात ते गाऱ्हाणंच हे! दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचा तो माणूस मला एकदम गाववाला वाटला.

लेस्टरहून
मी इथेच राहते, पाहुण्यांबरोबर तीनदा गेले. एकच सांगते: बस वाटेत थांबली की ड्रायव्हरवर चिडू नका. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती हा कायदा आहे.

नाशिककर
ऑक्सफर्डला सगळे रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या गोल घुमटाच्या इमारतीपुढे फोटो काढत होते. मी लेकीला घेऊन वुडस्टॉक रोडने सोमरव्हिल कॉलेजपर्यंत चालत गेले. तिथे शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आमच्या नाशिकच्या, जन्म १८६६चा. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री. १८९२ला परीक्षा दिली, पण तेव्हा तिथे बायकांना पदवीच देत नसत. ती दारं १९२०ला उघडली. हे सगळं लेकीला फाटकाशी उभं राहून सांगितलं. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बसकडे परतताना तिने विचारलं, "आई, तीस वर्षं?" मला पुढे बोलवेना.

सांगलीची सूनबाई
आमच्या पत्रकात यॉर्क मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं मोठं चर्च, ठळक छापलं होतं. पोचल्यावर कळलं, आतलं तिकीट धरलेलंच नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. दारावरच्या बाईंनी सांगितलं, साडेपाचच्या प्रार्थनेला या, तिला तिकीट नाही. हॉटेलवर जेवायचं सोडून आम्ही दोघी थांबलो. बाकी लोक शॅम्बल्सच्या गल्लीत खरेदीला गेले. प्रार्थना सुरू झाली, वाद्याचा घुमार थेट छातीत उतरला, वर दगडी कमानींत मुलांचे आवाज चढत गेले. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या, शेवटचा सूर विरेपर्यंत.